पाण्यावर नजर

त्या खाडीवर पोचलो तेव्हा मी इतकी थकले होते की समोर हजारो पक्षी उतरलेले असताना माझी नजर आधी गेली ती बाजेवर. बाबांच्या खोलीच्या भिंतीला सुंभाची एक बाज उभी टेकवलेली होती. ती आडवी करावी आणि तिच्यावर अंग टाकावं, एवढंच मला हवं होतं. बाबांनी आमच्या हातातलं सामानसुद्धा घेतलं नाही. ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "हळू बोला. आत्ताच बसलेत."

वर्षभरानं भेटलेल्या बायकोला आणि मुलीला माणूस एवढंच म्हणाला. मी बाज आडवी केली आणि तिच्यावर बसून राहिले.

बुऱ्हाणपूरहून भुसावळ, तिथून ताप्तीच्या काठाकाठानं जाणाऱ्या गाडीनं सुरत, पुढे आणखी एक लहान गाडी आणि शेवटी बैलगाडी. आईचे गुडघे धरलेले, त्यामुळे ट्रंक, वळकटी, दराब्याचा, म्हणजे आमच्याकडच्या रवाळ मिठाईचा डबा आणि केळ्यांच्या चार फण्या, सगळं माझ्या अंगावर. केळी नको म्हणून मी किती सांगितलं होतं. पण बुऱ्हाणपूरचा माणूस केळी घेतल्याशिवाय कुणाच्या दारी जातो का, असं आईचं म्हणणं. ती केळी भुसावळलाच काळी पडायला लागली आणि बैलगाडीत त्यांच्यावर माशा बसल्या.

बाबा त्या खाडीवर का होते ते सांगते. मी दहा वर्षांची असताना ते समुद्राकाठच्या एका लहानशा संस्थानात नोकरीला गेले. संस्थानिकांना शिकारीचा नाद होता. खाडीच्या मुखाजवळचं दलदलीचं रान त्यांनी शिकारीसाठी राखून ठेवलेलं होतं आणि तिथे दुसऱ्या कुणी बंदूक उचलायची नाही असा हुकूम होता. कोणता पक्षी कोणत्या दिवशी आला, कुठे उतरला, किती दिवस राहिला, हे वहीत लिहायचं काम बाबांकडे. पाहुणे यायचे असले की त्या वह्या बघून बंदुका कुठे बसवायच्या ते ठरे. पहिली काही वर्षं बाबांनी खरं लिहिलं. पुढे त्यांचा जीव पाखरांत अडकला आणि ते दोन वह्या लिहू लागले. दरबाराच्या वहीत पाखरं अजून आलेलीच नसायची. खऱ्या वह्या त्यांच्या उशाशी असायच्या.

इकडे बुऱ्हाणपुरात मी वाढत होते ती घरातला पुरुष म्हणून. कौलं मी शाकारून घ्यायची, कचेरीत मी जायचं, धाकट्या बहिणीचं स्थळ मी बघायचं आणि लग्नही मीच उरकायचं. माझं राहिलं ते राहिलंच. मुलींच्या शाळेत शिकवून घरी आले की आई दारातच दिवसभराचं गाऱ्हाणं घेऊन उभी. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं बहिणीचं बाळंतपणही आमच्याचकडे. बाबा दिवाळीला येत, चार दिवस पाहुण्यासारखे राहत आणि पाडवा झाला की पाखरं आली असतील म्हणत निघत.

मग संस्थानं विलीन झाली. बाबांचं संस्थानही झालं. संस्थानिक दुसरीकडे राहायला गेले, शिकारखाना मोडला, माणसं पांगली. बाबा मात्र तिथेच. त्या दिवाळीला ते आलेच नाहीत, पत्र आलं की रान सरकारजमा झालंय, नवं सरकार काय करतं ते कळेपर्यंत इथे कुणीतरी हवं. आईनं ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"राजा गेला, राज्य गेलं, अन् हे कोणाची राखण करू राहिले?" ती म्हणाली. "त्या गावाला काय सुरखाबचे पर लागले?" एवढं काय मोठं आहे तिथे, या अर्थी आमच्याकडे असं म्हणतात.

त्याच आठवड्यात ती इच्छापूरला जाऊन देवीला नवस बोलून आली. नवरा घरी आला तर खणानारळानं ओटी भरीन. थंडीत शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही निघालो. मी निघाले ते बाबांना घेऊनच यायचं असं ठरवून. लेकीची माया वगैरे त्यात फार नव्हती. मला माझ्या खांद्यावरचं ओझं कुणाकडे तरी द्यायचं होतं, आणि ते ज्याचं होतं त्याच्याकडे द्यायचं होतं.

आल्या दिवशीच संध्याकाळी आईनं विषय काढला. बाबांनी दराब्याचा एक घास खाल्ला आणि शांतपणे सगळं सांगितलं. परवा वनखात्याचा नवा साहेब पलीकडच्या डाकबंगल्यात यायचा होता. रान राखीव ठेवायचं की मिठागरांना द्यायचं हे त्याच्या अहवालावर ठरणार होतं. मिठागरवाले त्याला आधीच भेटून आले होते. बाबांकडे त्यांच्या वह्या होत्या, वीस वर्षांच्या. एवढं लिहिलेलं बघितल्यावर साहेब रानाला हात लावू देणार नाही, याची त्यांना खात्री होती. आणि रान राहिलं तर राखायला माणूस लागणारच.

"आणि नाही म्हणाला तर?" आईनं विचारलं.

"तर तुमच्याबरोबर येतो."

आईनं त्यांना देवीची शपथ घ्यायला लावली. त्यांनी घेतली. रान राहिलं तर बाबा गेले, रान गेलं तर बाबा आमचे, इतका सरळ हिशेब होता तो. त्या दिवशी झोपताना मी रान जावं म्हणून देवाला हात जोडले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, एक माणूस सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आम्हाला रान दाखवायला घेऊन गेले. मला मुळीच जायचं नव्हतं. पण आई गुडघे चोळत उठली आणि मी मागे राहणं बरं दिसलं नसतं.

आधी वाळलेल्या गवताचं मोकळं माळरान लागलं. तिथे काळवीट चरत होते. बाबा थांबले तसे तेही थांबले, आमच्याकडे बघून पुन्हा चरायला लागले. पुढे तिवराची झाडी, तिची बोटभर मुळं चिखलातून वर आलेली, आणि झाडीपलीकडे नजर जाईल तिथवर चिखल. त्या चिखलावर डोक्यावर डोळे असलेले बोटभर मासे कोलांट्या मारत होते. मासा पाण्याबाहेर जिवंत राहतो हे आईला काही पटेना. ती बराच वेळ कमरेत वाकून बघत राहिली. लहान खेकडे एक नांगी हलवून एकमेकांना बोलावल्यासारखं करत होते आणि आमचं पाऊल पडलं की एकदम बिळात. आकाशात करकोच्यांची रांग ओरडत चालली होती. बाबांनी वर न बघताच सांगितलं की हे फार लांबून येतात, बर्फाच्या डोंगरांवरून, आणि यंदा सहा दिवस उशिरा आलेत.

आणि मग ते दिसले. उथळ पाण्यात उभे, काठीसारखे पाय, वाकडी चोच पाण्यात उलटी घातलेली, अंग पांढरं आणि पंखांच्या कडेला गुलाबी. किती होते ते सांगता येत नाही. तिकडचं सगळं पाणीच गुलाबी दिसत होतं.

"यांना इथे सुरखाब म्हणतात," बाबा म्हणाले.

पत्र ऐकून आई काय म्हणाली होती ते बाबांना ठाऊक नव्हतं, मला होतं. मी तिच्याकडे बघितलं तर तिनं पदर तोंडाला लावलेला, आणि डोळ्यांत हसू.

खरं सांगायचं तर माझाही थकवा घटकाभर गेला. पण तो गेला आणि त्या जागी राग आला. बाबा एकेका पाखराबद्दल बोलत होते. त्या लंगड्याचा पाय तीन वर्षांपूर्वी जाळ्यात सापडला होता, ही पिलं मोठी व्हायला किती दिवस लागतात, यांना काय आवडतं. त्यांचा आवाज इतका मऊ होता की मी तो कधी ऐकलेलाच नव्हता. मी कोणत्या इयत्तेला शिकवते हे या माणसाला माहीत नव्हतं. गेल्या खेपेला दिवाळीत विचारून झालं होतं आणि तो विसरला होता. मला पाखरांचा हेवा वाटला. तिसाव्या वर्षी, चिखलात चपला हातात घेऊन उभं असताना, पाखरांचा हेवा.

साहेब आला त्या दिवशी दुपारी बाबांनी सगळ्या वह्या एका जुन्या धोतरात बांधल्या. गाठोडं चांगलं जड झालं. खाडी ओलांडायला होडी लागायची आणि होडीवाला त्या वेळी खाडीच्या मधल्या धारेशी जाळं सोडवत बसलेला. पाणी पार आत ओसरलं होतं. काठापासून त्याच्यापर्यंत नुसता चिखल. बाबा म्हणाले, मी त्याला घेऊन येतो, तुम्ही गाठोड्यापाशी बसा. दहा पावलं जाऊन ते मागे वळले.

"पाण्यावर नजर ठेवा," ते म्हणाले.

ठेवू, असं आई म्हणाली.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ताप्तीवर धुण्याला, अंघोळीला, कशालाही माणसं गेली की त्यांतल्या एकानं उगवतीकडे तोंड करून बसायचं असतं. आमची नदी उगवतीकडून येते. इथे ऊन पडलेलं असतं, आभाळ निळं असतं, आणि वर मुलताईच्या डोंगरांत कधी पाऊस झाला की लोंढा न सांगता येतो. बघता बघता नदीतल्या दगडी हत्तीच्या पोटाला पाणी लागतं. म्हणून एकाची नजर कायम उगवतीला. हे कुणी शिकवत नाही. पोर घाटाच्या पायऱ्या उतरायला शिकलं की आपोआप तसं बसायला लागतं. उन्हाळा असो, हिवाळा असो, सवय ती सवय.

ही खाडीही उगवतीकडूनच येत होती. आम्ही दोघी काठावर उगवतीकडे तोंड करून बसलो. आई तर फारच सावध. वरून पाणी आलंच तर आधी आपल्याला लागावं, वह्यांना नको, म्हणून तिनं मला गाठोडं उचलून आमच्या पाठीमागे ठेवायला लावलं. समुद्राच्या बाजूला.

मी चौथीला भूगोल शिकवत होते. भरती, ओहोटी, चंद्र, सूर्य. दरवर्षी फळ्यावर खडूनं वर्तुळं काढून, बाण दाखवून. मुलींनी उत्तर चुकवलं तर रागवतही होते. आणि तिथे, खऱ्या खाडीच्या काठी, ते माझ्या मनातसुद्धा आलं नाही. बाबांनाही सांगायचं सुचलं नाही. वीस वर्षांत त्यांच्या अंगात भरती इतकी मुरली होती की ती कुणाला माहीत नसेल असं त्यांना वाटलंच नाही.

आम्ही नजर ठेवून बसलो. ऊन हिवाळ्यातलं, उबदार होतं. मला डुलकी येत होती आणि मी डोळे ताणून उगवतीकडे बघत होते. मग मागे कुठेतरी बारीक चरचर ऐकू आली, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. पाठोपाठ सगळे सुरखाब एकदम उठले आणि आमच्या डोक्यावरून गेले. पंखांखालचा लाल रंग मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. आई मान वर करून बघत राहिली, मीही.

"देवीनं दाखवलं गं," आई म्हणाली.

तेवढ्यात माझ्या साडीला खालून थंडगार लागलं. मागे वळून बघितलं तर चिखल नव्हताच. पाणी होतं, आणि ते पळत होतं. गाठोडं उचललं गेलं होतं. ते हळूच फिरलं, आमच्या शेजारून पुढे आलं आणि खाडीत वरच्या अंगाला वाहत निघालं. नदी उलटी चालली होती. समुद्राकडून घराकडे.

मी आईला ओढून वर काढलं. तिचे गुडघे, त्यात चिखल, त्यातच वेळ गेला. लांबून बाबा पळत येताना दिसले. चिखलात मांड्यांपर्यंत रुतत, पडत, उठत. ते हाक मारत नव्हते, काही ओरडत नव्हते. होडीवाल्यानं त्यांना मागून धरलं नसतं तर ते पाण्यातच गेले असते. गाठोड्याची गाठ सुटली आणि वह्या एकेक करून पसरल्या, उघड्या पडल्या, मग दिसेनाशा झाल्या.

मी ते बघत उभी होते. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायलाच मी हे लिहायला बसले आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. आता हे घरी येतील, एवढा एकच विचार डोक्यात आला, आणि दोन दिवसांच्या प्रवासाचा, वीस वर्षांचा सगळा शीण खांद्यावरून उतरला. बाबा तेव्हा होडीवाल्याच्या हातात होते आणि माझ्याचकडे बघत होते.

होडीवाल्यानं एक वही काढून दिली. तिच्यात निळ्या शाईच्या ढगांखेरीज काही उरलं नव्हतं. आई रडायला लागली, माझ्यामुळे झालं, मीच मागे ठेवायला लावलं म्हणून. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझी काय चूक? तू आपल्या नदीसारखं केलंस," ते म्हणाले. मग ओल्या कपड्यांनीच होडीत बसून ते एकटे डाकबंगल्यावर गेले.

परत आले तेव्हा ऊन कलत होतं. साहेब काय म्हणाला ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बाजेवर बसून पायांवरचा वाळलेला चिखल नखानं काढत म्हणाले, "सकाळी निघू."

बाबा घरी आले. आईनं देवीची ओटी भरली. बाबांना पेढीवर लिहिण्याचं काम मिळालं आणि कचेऱ्या, कौलं, बहिणीची बाळंतपणं त्यांनी खरोखरच अंगावर घेतली. आई सुखात गेली. मला वाटलं होतं की मला विसावा मिळेल. थोडा मिळालाही. पण थकव्याची सवय लागली की तो जायला मागत नाही, आणि माझ्या थकव्यात आता दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं.

रोज संध्याकाळी बाबा घाटावर जाऊन बसत, मावळतीकडे तोंड करून. सगळा घाट उगवतीकडे बघतोय आणि हे एकटेच उलटे. लोक हसत. मास्तरीणबाईचे वडील समुद्रावरून येडे होऊन आले, असं कुणीतरी म्हटलेलं माझ्या कानावर आलं. आईनं पुष्कळदा सांगून बघितलं की असं बसत जाऊ नका, पाणी तिकडून येतं. ते हो म्हणत आणि तसेच बसत.

आई गेल्यानंतरच्या वर्षी त्या होडीवाल्यानं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र आलं. खाडीत बांध घातले, सगळीकडे मीठ पिकतंय, तिवरं तोडली, सुरखाब दोन हंगाम येऊन घिरट्या घालून गेले, यंदा आले नाहीत. पत्र मीच वाचून दाखवलं. बाबांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि काठी घेऊन घाटाकडे निघाले. मीही बरोबर गेले. ते मावळतीकडे तोंड करून बसले आणि पहिल्यांदाच मीही तशी बसले.

शेवटी मला राहवलं नाही. "बाबा, गाठोडं वाहून गेलं ना तेव्हा मला बरं वाटलं होतं. आलो त्या रात्रीच मी देवाजवळ रान जावं असं मागितलं होतं."

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

"कसं?"

"तुझ्या तोंडावर दिसलं." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "साहेब चांगला माणूस होता. म्हणाला, आठवतं तसं पुन्हा लिहून द्या, मी महिनाभर अहवाल थांबवतो. मला सगळं पाठ होतं गं. पहिल्या वहीपासून."

"मग?" मी विचारलं.

"लिहिलं असतं," बाबा म्हणाले. "पण त्याआधी तुला काठावर उभं बघितलं होतं. मी घरी येणार एवढ्यानं इतकं बरं वाटणारं तोंड... किती थकली असशील, म्हटलं."

मग त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, कितवीला शिकवते मी आता. मी सांगितलं, चौथीलाच. अजून चौथीलाच.